कारभारी आणि पुढारी

पावसाळा सरला की हिवरे बाजारात हिशेब मांडला जातो, पण तो पैशांचा नसतो. पर्जन्यमापकात मोजलेला पाऊस, निरीक्षणासाठी ठरवून दिलेल्या सहा विहिरींची पातळी आणि त्यावरून काढलेला पाणीसाठा ग्रामसभेपुढे ठेवला जातो. आधी माणसांचे पिण्याचे पाणी बाजूला काढायचे, मग जनावरांचे, आणि उरेल त्यात कुणी काय पेरायचे ते ठरवायचे. पाऊस बेताचा झाला असेल तर जास्त पाणी पिणारी पिके त्या वर्षी नाहीत. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, ऊस आणि केळी लावायची नाही, हे तर कधीच ठरून गेले आहे. देशातल्या सहकारी साखर कारखानदारीचा पाया ज्या जिल्ह्यात घातला गेला, त्याच जिल्ह्यातले एक गाव उसाला हात जोडते.

याला म्हणायचे काय? आकडे, अंदाजपत्रक, वाटप आणि नियम पाहिले तर हे अस्सल व्यवस्थापन आहे. पण स्वतःच्या विहिरीत पाणी दिसत असताना शेतकऱ्याने पेरायचे थांबावे, हे कुठल्या नियमाने होते? तलाठ्याच्या नोटिशीने होत नाही आणि कृषी सहायकाच्या सल्ल्याने तर नाहीच नाही. हिशेब कुणीही मांडू शकेल. तो माणसांनी आपला म्हणून मानावा, यासाठी आधी वेगळेच काहीतरी घडावे लागते.

मराठीला हा फरक नवा नाही. कारभार पाहतो तो कारभारी, पुढे होतो तो पुढारी. दोन्ही शब्द वापरून वापरून झिजले. घरधनीण नवऱ्याला ‘कारभारी’ म्हणून हाक मारते, तेव्हा घरचा खरा कारभार कोण बघतो हे दोघांनाही ठाऊक असते. ‘पुढारी’ची गत त्याहून वाईट. कुणाला ‘पुढारी झालास का रे?’ असे विचारले, तर तो खूश होत नाही.

अमेरिकेत या फरकावर गाजलेला वाद झाला तो १९७७ मध्ये. अब्राहम झालेझनिक यांनी ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त लेख लिहिला आणि विचारले, की व्यवस्थापक आणि नेते ही माणसेच वेगळ्या घडणीची असतात का? त्यांचे उत्तर होते, हो. एकाला घडी बसलेली हवी असते, तर दुसऱ्याला घडी विस्कटलेली चालते, कधी कधी तोच ती विस्कटतो. पुढे १९९० मध्ये जॉन कॉटर यांनी जरा समतोल मांडणी केली. पसारा सांभाळणे हे व्यवस्थापनाचे काम, बदल पेलणे हे नेतृत्वाचे, आणि संस्थेला दोन्ही लागतात. प्रशिक्षण शिबिरांच्या धंद्याने यातला सोयीचा तेवढा भाग उचलला. नेता म्हणजे द्रष्टा आणि व्यवस्थापक म्हणजे फायलीत मान खुपसलेला रुक्ष इसम, असे चित्र भिंतीवर लागले. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातली चार ठिकाणे पाहिली की ते चित्र भिंतीवर टिकत नाही.

हिवरे बाजारचेच पाहू. जेमतेम बाराशे-तेराशे वस्तीचे, पावसाच्या छायेतले हे गाव एके काळी पैलवानांसाठी ओळखले जाई. १९७२ च्या दुष्काळाने ते मोडले. डोंगर बोडके झाले, माणसे पोटासाठी बाहेर पडली, मागे उरलेल्यांत दारूच्या भट्ट्या आणि भांडणे वाढली. सरकारी नोकराला इथली बदली शिक्षा वाटे. अशा गावात १९८९ मध्ये तरुणांनी पोपटराव पवारांना सरपंच व्हायची गळ घातली. ते गावातले एकमेव पदव्युत्तर शिकलेले, एम.कॉम. झालेले आणि क्रिकेटमध्ये रमलेले होते. निवड बिनविरोध झाली. २६ जानेवारी १९९० च्या ग्रामसभेत गावाच्या गरजांचा क्रम लावला गेला.

इथे थोडे थांबले पाहिजे. नव्या सरपंचाकडे त्या दिवशी काय होते? निधी नव्हता, अधिकार नावापुरता होता. होते ते एवढेच, की कशाने सुरुवात करायची हे त्याला कळत होते. पहिली कामे शाळेची आणि पिण्याच्या पाण्याची निघाली, म्हणजे ज्यावर कोणत्याही गटाला भांडता येणार नाही अशी. त्यात श्रमदान झाले, लोकांनी एकमेकांना काम करताना पाहिले, आणि मगच दुखऱ्या विषयांना हात घातला गेला. कुऱ्हाडबंदी आली, चराईबंदी आली. चराईबंदी म्हणजे शेळ्या-मेंढ्यांवर जगणाऱ्याच्या थेट पोटावर पाय. पण डोंगरावर गवत वाढले आणि ते कापून नेण्याची मुभा मिळाली. गोठ्यात संकरित गायी आल्या. दिवसाला दीडशे लिटरच्या घरात असलेले दूध पुढे चार हजार लिटरपर्यंत गेले. १९९४ मध्ये गाव आदर्श गाव योजनेत आले. समतल चर, बांध, पाझर तलाव यांची कामे सरकारी पैशातून झाली, पण ती राबवायला गावाने स्वतःची संस्था उभी केली. बाहेरचा ठेकेदार आला नाही.

नेतृत्व म्हणतात ते बहुधा हेच. भाषण कमी आणि कामांचा क्रम नेमका.

मात्र पवारांचे कौतुक करणारे बहुतेक लेख या टप्प्यावर संपतात. खरी गंमत पुढे आहे. पाणी आल्यावर जे होते, ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिले आहे. बंधारा होतो, विहिरी भरतात, दोन वर्षे वर्तमानपत्रांत फोटो येतात, तिसऱ्या वर्षी ज्याची मोटर मोठी त्याचा ऊस उभा राहतो आणि चौथ्या वर्षी टँकर येतो. हिवरे बाजारने इथे वही उघडली. भूजल विभागाच्या मदतीने पाणी मोजायला सुरुवात झाली, आणि उपसा हा प्रत्येकाच्या मर्जीचा विषय न राहता ग्रामसभेचा झाला. जमीन बाहेरच्याला विकायची नाही, हाही ठराव झाला. ही सगळी कामे कंटाळवाणी आहेत. पाऊस मोजण्यावर कुणी पोवाडा लिहीत नाही. पण पवारांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली, त्यामागे डोंगरावरच्या चरांइतकाच या वहीचा वाटा आहे, असे म्हटले तर ते स्वतःही बहुधा हरकत घेणार नाहीत.

याच जिल्ह्यातल्या लोणीची गोष्ट याच्या उलट्या बाजूने सुरू होते. तिथे पाणी आधीच होते. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले, प्रवरेच्या कालव्यांनी माळ भिजला, ऊस आला. पण गुळाचे भाव कोसळले की शेतकरी सावकाराच्या दारात, आणि साखरेचा नफा खासगी कारखान्यांकडे. तिथले शेतकरी विठ्ठलराव विखे पाटील यांचे शिक्षण चौथीपर्यंतचे. लोणीत १९२३ मध्ये त्यांनी पतपेढी उभी केली होती. शेतकऱ्यांचा स्वतःचा कारखाना ही कल्पना घेऊन ते गावोगाव फिरले, तेव्हा ज्याच्याकडे भाग-भांडवल मागायचे तोच कर्जात होता. लोकांनी पैसे दिले ते कारखान्याचा आराखडा वाचून नव्हे. समोरचा माणूस पतपेढीचा पैसा न पैसा सांभाळणारा आहे हे माहीत होते म्हणून.

आणि मग विखे पाटलांनी जे केले ते आजच्या पुढाऱ्याला सुचणार नाही. अध्यक्षपद त्यांनी स्वतःकडे घेतले नाही. पुण्याच्या गोखले संस्थेचे अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांना त्यांनी लोणीला आणले. पहिली दहाएक वर्षे गाडगीळ कारखान्याचे अध्यक्ष होते. १९५०-५१ च्या हंगामात दिवसाला ५०० टन गाळप क्षमतेचा हा कारखाना सुरू झाला. सरकारी भागभांडवल, कर्जफेड, सभासदाच्या बिलातून ठेव कापणे, या सगळ्याला एक शिस्त लागली. ज्याच्या मागे माणसे होती, त्याने ज्याला ताळेबंद कळतो त्याला खुर्ची दिली. झालेझनिक यांच्या मांडणीत ही दोन वेगळी माणसे असतात, ते इथे खरेच ठरते. पण ती एकमेकांशेजारी बसून काम करू शकतात, हे त्यांनी लोणीला येऊन पाहायला हवे होते.

पुढच्या काळात कारखानदारीत या दोन भूमिकांचे काय झाले, हे कळायला उसाच्या फडात जावे लागते. तोडलेला ऊस लवकर गाळपाला गेला नाही तर वजन घटते, उतारा घसरतो. म्हणून लागवडीची नोंद, त्यानुसार तोडीचा क्रम, मुकादमाची टोळी, स्लिपबॉय, काट्यावरचे वजन अशी साखळी असते. ती नीट चालवणे हे निव्वळ शेतकी खात्याचे, म्हणजे व्यवस्थापनाचे काम. पण ज्याचा ऊस फडात वाळतो आहे, त्याच्यासाठी तोडीची चिठ्ठी आधी कुणाला मिळते यापेक्षा मोठे राजकारण नसते. अनेक कारखान्यांत पुढाऱ्यांच्या हे लक्षात आले. क्रम नोंदवहीने न लावता निष्ठेने लावला, की सभासद आपोआप मागे येतो. वरून पाहणाऱ्याला ते नेतृत्व दिसते. प्रत्यक्षात ती नासलेली व्यवस्था असते. चिठ्ठी मिळेपर्यंतच मागे चालणारी माणसे पुढाऱ्याची नसतात, चिठ्ठीची असतात.

पारनेर तालुक्यातले राळेगण सिद्धी सगळ्यांना माहीत आहे, म्हणून त्याबद्दल थोडक्यात. सैन्यातून १९७५ मध्ये परतलेल्या अण्णा हजारे यांनी आपल्या पैशातून यादवबाबांचे देऊळ दुरुस्त केले, आणि गाव त्या देवळात जमू लागले. भट्ट्या बंद झाल्या, पाणलोटाची कामे झाली, धान्य बँक निघाली. ज्या बंद्यांवर हिवरे बाजार पुढे उभे राहिले, त्यांचा वस्तुपाठ राळेगणचा. पण इथली शिस्त एका माणसाच्या नैतिक दराऱ्यावर उभी होती. दारू पिऊन आलेल्याला खांबाला बांधून मारले जाई, हे खुद्द हजारे यांनी लपवलेले नाही. अभ्यासक मुकुल शर्मा यांनी २००६ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त याच नैतिक अधिकाराची चिकित्सा केली. गाव सुधारते, पण प्रश्न विचारण्याची जागा आक्रसते, अशी ती टीका होती. टीका पटो न पटो, एक अडचण उरतेच. चर, बांध आणि रोपवाटिका शासन निर्णयात लिहिता येतात. आदर्श गाव योजनेने तेच केले, तालुक्यागणिक एक गाव उभे करायचे ठरवले. पण देवळातल्या खोलीत राहणारा अण्णा कोणत्या लेखाशीर्षाखाली मंजूर करायचा?

या प्रश्नाचे सर्वांत चांगले उत्तर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जामखेडला मिळाले. सांगण्यासारखी गोष्ट खरी ती आहे.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले दांपत्य. नेवासा तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन इस्पितळात काम करताना त्यांना दिसले, की बरा करून पाठवलेला रोगी काही महिन्यांनी तोच आजार घेऊन परत येतो. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून ते परतले आणि १९७० मध्ये जामखेडला जनावरांच्या जुन्या दवाखान्यात त्यांनी काम सुरू केले. प्रकल्पाचे नाव समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प. भाग दुष्काळी, जन्मलेल्या हजार बाळांपैकी १७६ वर्षाच्या आत दगावत.

पहिली योजना कागदावर उत्तम होती. प्रशिक्षित नर्स गावात नेमायच्या, त्यांच्यावर देखरेख ठेवायची. कोणत्याही कुशल व्यवस्थापकाने हेच केले असते. पण ती फसली. शहराकडची मुलगी गावात एकटी राहायला बिचके, गावच्या बायका तिच्यापाशी मन मोकळे करत नसत. तेव्हा आरोळ्यांनी गावालाच विचारले, की तुमच्यातली एक बाई द्या. गावांनी निवडलेल्या बायका बहुतेक निरक्षर, कित्येक दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, मुक्काम करत. सुरक्षित बाळंतपण, हगवणीवर मीठ-साखरेचे पाणी, लसी, कुष्ठरोग ओळखणे हे त्या ऐकून, पाहून, एकमेकींना सांगून शिकल्या. आपापली घोंगडी वेगळी अंथरून कुणी वेगळे झोपू नये म्हणून एकत्र शिवलेले मोठे पांघरूण सगळ्यांसाठी वापरले जाई. जातीवर व्याख्यान देण्यापेक्षा हा उपाय स्वस्त आणि रात्रभर टिकणारा होता.

पुरुषांना जमवायला डॉक्टरांनी व्हॉलीबॉल आणला. खेळायला जमलेल्यांतून शेतकरी मंडळे निघाली. १९७२ च्या दुष्काळात हातपंपासाठी बोअर घेताना तो दलित वस्तीत घेतला जाईल असे पाहिले गेले. पाणी हवे तर उरलेल्या गावाने तिथवर चालत यायचे. यात आदेश नाही, मोर्चा नाही, फक्त यंत्र कुठे उभे करायचे याचा निर्णय आहे. कारभाऱ्याच्या हातातले साधन पुढाऱ्याच्या बुद्धीने वापरणे कसे असते, याचा याहून चांगला नमुना शोधूनही मिळणार नाही.

नव्वदच्या दशकापर्यंत या गावांतला बालमृत्युदर हजारी पंचविशीच्या आसपास उतरला होता. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबल आरोळे १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये. प्रकल्प बंद पडला नाही. जी बाई गावातच राहते, जिला बाळंतपण करता येते आणि जी दुसरीला शिकवू शकते, तिला डॉक्टरच्या हयातीची गरज उरत नाही. आरोळ्यांनी आपले ज्ञान वाटले असे आपण सहज म्हणून जातो. डॉक्टरच्या बाबतीत ज्ञान वाटणे म्हणजे सत्ता वाटणे, हे मात्र विसरतो.

देशाने हा धडा घेतला, निदान अर्धा. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि गावोगाव ‘आशा’ नेमल्या गेल्या. गावातलीच बाई, गावासाठी, ही कल्पना जामखेडच्या वळणाची. पण लाखो गावांत ती न्यायची तर रकाने आले, कामागणिक मोबदला आला, अहवाल आले. आशाताई लस देण्याचे दिवस सांभाळते, गरोदर बाईला दवाखान्यात नेते, सर्वेक्षण करते आणि उरलेल्या वेळात फॉर्म भरते. २०२३-२४ मध्ये महाराष्ट्रातल्या आशांना मानधनासाठी संप करावा लागला. त्यांचे काही चुकले असे म्हणवत नाही. सेवाभाव हा मानधन थकवण्याचा परवाना नव्हे, आणि जामखेडच्या बायकांच्या स्वयंस्फूर्तीचे दाखले देऊन आशांना गप्प बसवणे हा तर शुद्ध लबाडपणा. फरक एवढाच, की जामखेडच्या बाईला दर आठवड्याला कुणीतरी विचारत असे, ‘गावात काय पाहिलंस?’ आशाताईला विचारले जाते, ‘किती झाले?’ दुसरा प्रश्न चुकीचा नाही. पण पहिला कधीच न विचारता नुसता दुसराच विचारत राहिले, की शिकलेली बाई हळूहळू आकडा पाठवणारी बाई होते.

कार्यालयात, शाळेत, बँकेच्या शाखेत काम करणाऱ्या कुणालाही हे ओळखीचे वाटेल. साहेब बदलतो आणि नवा साहेब पहिल्याच बैठकीत ‘मला रिझल्ट हवेत’ म्हणतो. हिवरे बाजारात पहिल्याच दिवशी कुणी ‘चराईबंदी’ म्हटले असते तर ग्रामसभा जागेवरच उठली असती.

जानेवारी २०२१ मध्ये हिवरे बाजारात ग्रामपंचायतीसाठी तीस वर्षांनी पहिल्यांदा मतदान झाले. गावात विरोधी उमेदवार उभे राहिले याची बाहेर बरीच चर्चा झाली, जणू आदर्शाला तडाच गेला. खरे तर इतक्या वर्षांनी गावाला मत विचारले गेले, हे बरेच झाले. पवारांच्या पॅनेलने सातही जागा जिंकल्या.

नगरपासून गाव सोळा-सतरा किलोमीटरवर आहे. बघायला येणाऱ्यांच्या गाड्या वर्षभर चालू असतात, आणि आलेले बहुतेक जण पोपटरावांबरोबर फोटो काढून परततात. तुम्ही गेलात तर फोटो जरूर काढा. पण निघण्याआधी पावसाच्या नोंदींची वही मागून बघा, आणि ती रोज कोण भरते तेही विचारा.